माझ्या पाठीवरची पांढरी पट्टी

मित्रांनो, मी एक जुना हातमोजा आहे. चामड्याचा, आणि डावा. माझा उजवा जोडीदार कुठे गेला, हे मला विचारू नका. पेडण्याच्या बाजारात एके दिवशी तो मालकाच्या खिशातून पडला, असे घरात सगळे सांगतात. मला ते पटलेले नाही. त्याला कामाचा कंटाळा होताच. तो पडला नाही, तो सटकला, असा माझा संशय आहे.

माझा स्वभावच संशयी, हे आधीच सांगून टाकतो. मी ज्या खिळ्यावर राहतो, त्या खिळ्यावरही माझा पुरता विश्वास नाही. तो गेली काही वर्षे हळूहळू बाहेर येतो आहे.

मी कुठे शिवला गेलो, ते मला माहीत नाही. माझ्या खोक्यावरची अक्षरे मुरगाव बंदरात कोणालाच वाचता आली नव्हती. त्या बंदरात कृष्णनाथ नावाचा कामगार बोटीचे तारदोर ओढायचा. त्याला आम्ही दोघे जोडीने मिळालो. कृष्णनाथची बहीण कमल पेडण्याला दिली होती. तिचा नवरा रघुनाथ हा मोटारसायकलचा पायलट होता. आमच्या गोव्यात पायलट म्हणजे विमान चालवणारा नव्हे. पुढचे मडगार्ड पिवळे रंगवलेल्या मोटारसायकलवर मागे एक माणूस बसवून त्याला भाड्याने गावोगाव पोचवणारा, तो पायलट. कृष्णनाथने आम्हाला रघुनाथच्या हातात दिले आणि म्हणाला, "भावोजी, हे घाल. हात फुटचे नात." रघुनाथने मला उलटसुलट करून पाहिले आणि घातले. त्याचा हात घामट होता. मला तो माणूस पहिल्या दिवशी मुळीच आवडला नाही.

पण काम आवडले. लग्नाचे वऱ्हाड, जत्रेची माणसे, भजनी मंडळ अशी मोठी भाडी आली, की स्टँडवरच्या सात मोटारसायकली एका रांगेत निघायच्या. पुढे रघुनाथ. इंजिनांच्या आवाजात बोललेले कोणाला ऐकू जाणार? म्हणून सगळे हाताने बोलायचे. उजवा हात रेसवर आणि ब्रेकवर अडकलेला, म्हणजे बोलायचे काम डाव्याचे, पर्यायाने माझे. पंजा उघडून वर केला की थांबा. पंजा पालथा करून खाली दाबला की हळू. एक बोट वर केले की एकामागे एक या. रस्त्यात खड्डा असला की त्या बाजूच्या जमिनीकडे बोट. पुढचा हात जे करील तेच मागच्याने करायचे, त्याचे पाहून त्याच्या मागच्याने, असे करत ती खूण सातव्यापर्यंत जायची.

यात एक नियम होता आणि तो मला कधीच मानवला नाही. पुढच्याने मागे वळून पाहायचे नाही. त्याची नजर रस्त्यावर हवी, खूण पोचली की नाही याची काळजी मागच्यांनी घ्यायची. आता सांगा, मी पुढे हवेत उभा, माझा तळवा पुढे, पाठ मागे. माझ्यामागे कोण काय करतो ते मला दिसणार कसे? दुसऱ्या नंबरावर सगुण असायचा. तो माझी खूण खरेच पुढे देतो का, की नुसता मागे बसलेल्या माणसाशी गप्पा मारतो? मी दर फेरीला हाच विचार करायचो. फेरी सुखरूप झाली तरी मला वाटायचे, आज नशिबाने निभावले.

कमलने मला पहिल्यांदा हातात घेऊन पाहिले, तेव्हा तिने नवऱ्याला एकच प्रश्न विचारला. "काळो हात काळ्या रस्त्यार कोणाक दिसतलो?" मग तिने जाड पांढऱ्या कापडाची चार बोटे रुंद पट्टी कापली आणि माझ्या पाठीवर आडवी शिवली. सुई टोचताना मी मनात खूप बडबडलो. ती पट्टी मी स्वतः कधी पाहिली नाही. तुम्हाला जशी तुमची पाठ दिसत नाही, तशी मलाही माझी दिसत नाही. पण स्टँडवर तिचे कौतुक झालेले मी ऐकले. सगुण म्हणाला होता, "आता कोसभर दिसतलो रे तुजो हात." दर आयतारी, म्हणजे रविवारी, कमल मला बाल्दीत घालून साबणाने घासायची आणि माडाच्या सावलीत वाळत टाकायची. साबणावर माझा राग होता. तो माझे चामडे खातो, असे मला वाटायचे.

पाच-सहा वर्षे अशी गेली. सगुणची बायको विमला आणि कमल यांचे सख्ख्या बहिणींसारखे होते. विमला नारळ घेऊन यायची, कमल तिला तांदळाचे पोळे घालायची, आणि दोघी मागच्या दारी बसून नवऱ्यांची टिंगल करायच्या. मी तिथेच दोरीवर वाळत पडून सगळे ऐकायचो.

मग ते वर्ष आले. गोव्यात भाषेवरून रान पेटले होते. कोकणी की मराठी, यावरून घराघरांत, दुकानांत, देवळाच्या पायऱ्यांवर माणसे एकमेकांकडे तिरक्या नजरेने पाहू लागली होती. त्या दिवसांत माझा संशयी स्वभाव मला अगदी साधारण वाटू लागला, इतके सगळे माझ्यासारखे झाले होते. आमच्या स्टँडवर एक नवा बोर्ड आणला होता. त्याच्यावर काय लिहायचे यावरून भांडण लागले. सगुण म्हणाला, 'हांगा रावात' असे लिहा. तिसऱ्या नंबरावरचा शिवदास म्हणाला, 'येथे थांबा' असे लिहा. शिवदासचे घराणे मूळ हद्दीपलीकडच्या बांद्याकडचे, घरात मराठी पोथ्यांचे वाचन. गंमत अशी, की दोघे भांडत होते ते जवळजवळ एकाच बोलीत. बोर्ड कोराच भिंतीला टेकून राहिला. मला मात्र एक बरे वाटायचे. हाताच्या भाषेसाठी कोणी मोर्चा काढला नव्हता.

त्या वर्षीच्या दसऱ्याला रघुनाथने अंगणात आपली राजदूत मोटारसायकल धुऊन उभी केली. पाना-पक्कड, पंप, सगळे पाटावर मांडले आणि मलाही मध्यभागी ठेवले. झेंडूची माळ घातली. मग तेलात कालवलेले कुंकू बोटावर घेऊन त्याने माझ्या पाठीवर मोठा टिळा ओढला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मित्रांनो, तेव्हा मला जो अभिमान वाटला तो काय सांगू! आतापर्यंत पूजा झाली ती यंत्राची, यंदा माझी. पुढच्या आयतारी कमल बाल्दी घेऊन आली, तेव्हा रघुनाथने तिला अडवले.

"देवाचो टिळो तो. दिवाळेमेरेन उदक लावूं नाका."

"आनी धुळ?"

"देवाच्या टिळ्याक धुळ लागना."

कमलने बाल्दी जरा जोरातच खाली ठेवली. दिवाळीपर्यंत साबणापासून सुटलो म्हणून मी खूष झालो. त्याच दिवसांत रघुनाथने डिचोलीच्या खाणीवरच्या एका कारकुनाला रोज नेण्या-आणण्याचे काम धरले होते. पावसाळा संपून खाणी पुन्हा सुरू झाल्या होत्या. खनिजाचे ट्रक एकामागून एक धावायचे आणि तांबडी धूळ झाडांवर, घरांवर, माणसांच्या भुवयांवर बसायची. माझ्यावरही बसत असणार. मला काय ठाऊक? माझा तळवा हँडलवर असायचा.

दिवाळीला आठवडा राहिला होता. लाटंबार्श्याला भजनी सप्ताह होता आणि आमच्या सात जणांनी पेडण्याच्या मंडळाला तिकडे पोचवायचे ठरले. सकाळी निघतानाच सगुण आणि शिवदासचे पुन्हा बोर्डावरून वाजले. शिवदास त्याला काहीतरी लागेल असे बोलला. सगुणने तोंड फिरवून मोटारसायकलला किक मारली. माझ्या मनात पाल चुकचुकली. तोंड फिरवणारा माणूस मागे आहे आणि त्याच्यामागे ज्याच्यावरून तोंड फिरवले तो माणूस आहे, ही रांग मला बरी वाटली नाही.

शिवदासच्या मागे पेटीवाला सदाशिव बसला होता, मांडीवर पेटी घेऊन. डिचोलीपर्यंत सगळे नीट झाले. पुढे चढाचे वळण लागले. समोरून चार ट्रक गेले आणि सगळे धुळीत बुडाले. वळण संपताच रघुनाथला दिसले, की धूळ बसावी म्हणून टँकरने रस्त्यावर नुकतेच पाणी मारले आहे आणि सांडलेल्या खनिजाचा तांबडा चिखल झाला आहे. त्याच्या पलीकडे एक ट्रक आडवा उभा होता. रघुनाथने मला वर उचलले. मी पाचही बोटे उघडली. थांबा. मी माझे काम चोख केले, हे मी आजही शपथेवर सांगेन. रघुनाथ रस्त्याच्या कडेला उतरून थांबला.

मग मागे रबर घासल्याचा आवाज आला, आणि त्यामागे लोखंड पडल्याचा.

सगुणने अगदी शेवटच्या क्षणी ब्रेक दाबून गाडी कशीबशी गवतात घातली होती. शिवदासला तेवढाही वेळ मिळाला नाही. त्याची गाडी चिखलात आडवी झाली आणि त्याचा पाय खाली सापडला. सदाशिव गवतात फेकला गेला, त्याला खरचटले नाही, पण पेटीचा भाता फाटला. शिवदासला उचलताना त्याचा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळलेला होता. तो दातओठ खाऊन एवढेच म्हणाला, "मुद्दाम केल्यान. सकाळचो राग काढल्यान माझ्यार."

सगुण गवतातून धावत आला. "म्हाका हात दिसूंकच ना," तो म्हणाला.

रघुनाथने त्याच्याकडे पाहिले. "कोसभर दिसता ती पट्टी, आनी तुका दिसली ना?"

सगुणने पुन्हा तेच सांगितले. मागचे चौघे पायलट खाली पाहत उभे राहिले, आणि सगळे काय समजले ते मला कळले. मला तर इतक्या वर्षांची खात्री पटली. कुठेतरी पाणी मुरते आहे, असे मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो ना? सगुणने खूण गिळली. भाषेच्या भांडणासाठी माणसाचा पाय मोडला. माझ्यासारखा शहाणा मीच, असे मला त्या वेळी वाटले. ते आठवले की आज मला मेल्याहून मेल्यासारखे होते.

घरी येऊन रघुनाथने मला न बघताच काढले आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवले. पुन्हा घातले नाही. सात जणांची रांगही पुन्हा निघाली नाही. माझी पाठ भिंतीकडे होती आणि तोंड खोलीकडे, त्यामुळे पुढचे सगळे मला घरातूनच कळले. शिवदासचा पाय जुळला पण आखूड राहिला. त्याला गाडीला किक मारणे जमेना, तो स्टँडवरच्या चहाच्या टपरीत बसू लागला. सगुणला कोणी स्टँडवरून हाकलले नाही. फक्त तो आला की बोलणे थांबायचे. गिऱ्हाईक त्याच्याकडे निघाले की कोणीतरी हळूच सांगायचे, त्याच्या गाडीवर नको. महिनाभरात तो स्टँड सोडून मोप्याच्या वाटेवर एकटाच उभा राहू लागला. तिकडे तेव्हा विमानतळ नव्हता, काजूची झाडे आणि गुरे होती. दिवसाला दोन भाडी मिळाली तरी खूप. विमला आमच्या मागच्या दारी यायची बंद झाली. कमल दोन ताटल्या काढायची आणि एक परत ठेवायची. ती सगुणला दोष देत नव्हती आणि नवऱ्यालाही काही म्हणत नव्हती. तिच्या मनात काय चालले आहे, याचा मला संशय येत असे.

हिवाळ्यात दंगे झाले, रस्ते बंद झाले. पुढे कोकणी राजभाषा झाली, मराठीलाही जागा मिळाली, असे रेडिओवर सांगितले. मे महिन्याच्या शेवटी गोवा राज्य झाले. बाहेर फटाके वाजले, तर मला वाटले कोणाचा तरी टायर फुटला. सगळ्या गोव्याला राज्य म्हणून नवे नाव मिळाले होते, सगुणचे मात्र जुनेच गेलेले होते.

ऑगस्टमध्ये चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली. आमच्याकडे चवथीआधी घराचा कोपरान् कोपरा झाडतात. कमल भिंत झाडत आली आणि तिने मला खिळ्यावरून काढले. उलटे केले. आणि ती तशीच उभी राहिली.  मला घाम फुटला असता, पण तो मालकालाच फुटतो.

"हो मोजो त्या दिसा असोच आशिल्लो?" तिने विचारले.

रघुनाथ सोप्यावर बसून गणपतीच्या डोक्यावर फळे-पाने टांगायच्या माटोळीचे दोर वळत होता. त्याने वर पाहिले. "असोच. तेन्नासावन हात लावंक ना ताका."

कमलने बांगड्या वर सारल्या आणि मला आपल्या हातात घातले. "हांगाच रावात," म्हणाली, आणि अंगण उतरून, चिऱ्यांच्या तांबड्या कुंपणाच्या, गडग्याच्या शेवटापर्यंत चालत गेली. तिथे पाठमोरी उभी राहून तिने मला वर केले. पाचही बोटे उघडी.

"दिसता?"

"कितें?"

"हात."

रघुनाथ उठून उभा राहिला. डोळे बारीक केले. "तूं दिसता," तो म्हणाला. "हात दिसना."

कमल विहिरीवर गेली. तिने बाल्दी ओढली, साबण घेतला आणि मला घासू लागली. पाणी तांबडे झाले. तिने ते ओतले, दुसरे घेतले, तेही तांबडे झाले. तेलकट कुंकवावर बसून घट्ट झालेली पंधरा दिवसांची खाणीची धूळ होती ती. मित्रांनो, माझ्या पाठीवर पांढरी पट्टी त्या दिवशी नव्हतीच. तांबड्या धुळीत, तांबड्या वळणावर, एक तांबडा हात वर झाला होता. सगुण खरे बोलत होता. मी सगळ्यांची पाठ तपासत बसलो आणि माझी कोणी तपासावी, हे मला सुचलेही नाही.

चौथ्या बाल्दीला पाणी नितळ राहिले. कमल मला घालून पुन्हा गडग्यापाशी गेली आणि हात वर केला. "आनी आतां?"

 रघुनाथ सोप्यावर खाली बसला. दोर त्याच्या हातातून सुटून पायरीवर पडला.

संध्याकाळी त्याने मला ओलेच हातात चढवले आणि मोप्याची वाट धरली. सगुण एका काजूच्या झाडाखाली गाडीवर बसला होता. रघुनाथने सगळे सांगितले, टिळा, धूळ, बाल्दीतले पाणी. सगुणने माझ्याकडे हात पुढे केला. मला हातात घेऊन उलटे केले, पट्टीवरून अंगठा फिरवला. तो मला टाकणार, अशी माझी खात्री होती. त्याने टाकले नाही.

"धा म्हयने जाले," तो म्हणाला. "वाटेर मेळ्ळ्यार कोणूय म्हाका हात वयर करिना."

पायलट एकमेकांना रस्त्यात भेटले की डावा हात किंचित वर करतात. एवढीशी गोष्ट. ती त्याला दहा महिने कोणी दिली नव्हती. रघुनाथ मान खाली घालून उभा होता.

"शिवदासाक सांगलें?" सगुणने विचारले.

"अजून ना."

"पयलीं ताका सांग. ताचो पांय मोडला. म्हजें फकत नांव."

रघुनाथ तसाच शिवदासकडे गेला. शिवदास टपरीत बाकावर आखूड पाय लांब करून बसला होता. ऐकून झाल्यावर त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. रघुनाथवर तो ओरडेल असे मला वाटले. शेवटी त्याचा पाय रघुनाथच्या टिळ्यानेच मोडला होता. पण तो म्हणाला, "मियां उगाच बोल्लंय तेका." आणि मग, "बोर्ड खंय आसा?"

बोर्ड टपरीच्या मागेच होता, कोरा. दुसऱ्या दिवशी शिवदासने रंगाचे दोन डबे मागवले आणि दिवसभर बसून त्याच्यावर एक हात काढला. डावा, काळा, पाच बोटे उघडी, पाठीवर रुंद पांढरी पट्टी. खाली अक्षर एकही लिहिले नाही. बोटे थोडी जाड आली आहेत, मी इतका जाड नाही. संध्याकाळी सगुणची गाडी मोप्याकडून स्टँडवर आली. त्याने बोर्ड पाहिला. शिवदास बाकावरून उठला, एका हाताने खांब धरला आणि दुसरा वर केला. सगुणने आपला वर केला.  त्याच आठवड्यात विमला नारळ घेऊन मागच्या दारी आली.

चवथीच्या भजनांना रांग पुन्हा निघाली, शिवदासच्या जागी दुसरा पायलट घेऊन. तेव्हापासून एक नवा नियम झाला. निघण्याआधी सगळ्यांनी मैदानात रांगेत उभे राहायचे, पुढच्याने हात वर करायचा, आणि सगळ्यात शेवटच्याने ओरडून सांगायचे, "दिसता." तो आवाज आल्याशिवाय कोणी किक मारायची नाही. ओरडायचे काम शिवदासने स्वतःकडे घेतले. तो गाडीवर नसायचा, काठी टेकत सातव्या गाडीच्याही मागे जाऊन उभा राहायचा.

रघुनाथ आता म्हातारा झाला आहे आणि मी त्याच्याहून. शिवदास आता या जगात नाही. मोप्यावर काजूच्या जागी विमाने उतरतात, आणि त्या रस्त्याने मोठमोठ्या मोटारसायकलींचे घोळके जातात. पुढचा हात वर करतो, खूण मागे जाते. त्यांचे मोजे छान काळे असतात. ते कोणी कधी धुतले असतील का, याचा मला दाट संशय आहे.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. तुमच्या घरात कोणाचा असा मोजा असेल, हेल्मेट असेल, सायकलचा मागचा दिवा असेल, तर तो आज पुसा. त्याच्यावर देवाचा टिळा असला तरी पुसा, देव रागावणार नाही, हे मी अनुभवाने सांगतो. आणि तुमच्या मागून येणारा म्हणाला की मला दिसले नाही, तर त्याच्यावर ओरडण्याआधी आपली पाठ कोणाकडून तरी बघून घ्या. मी घेतली नाही. म्हणून एक भला माणूस दहा महिने काजूच्या झाडाखाली एकटा बसला.

अजूनही आयतारी रघुनाथची नात गौरवी मला धुते, हातात घालते आणि गडग्यापाशी जाऊन हात वर करते. सोप्यावरून म्हातारा सगुण, जो आता रोज संध्याकाळी रघुनाथशेजारी येऊन बसतो, चष्मा पुसतो आणि सांगतो, "दिसता." त्याचे डोळे अधू झाले आहेत. त्याला खरेच दिसते का, असा संशय माझ्या मनात येतो. पण सगुणने सांगितले की मी विश्वास ठेवतो.